वऱ्हाडातून एल्ब्रुसच्या उतारावर: ज्वालामुखी पर्वतावर स्की किंवा स्नोबोर्ड करायचे तर तयारी कशी करावी

विदर्भातल्या पोरापोरींकडे डोंगर चढण्याची ताकद भरपूर आहे. कमी पडतात ते बर्फावरचे दिवस. महाराष्ट्रातून रशियातल्या एल्ब्रुस या ज्वालामुखी पर्वतावर पायी जाऊन येणारे बरेच आहेत. पण त्याच पर्वतावर स्की लावून चढायचे आणि स्कीवरूनच खाली यायचे, हे काम निराळे. पायी उतरताना पाय चुकला तर बहुतेक वेळा सावरता येते, टणक बर्फावर स्की सुटली तर उतार सावरू देत नाही. आणि सावरण्याची ती सवय पुस्तकातून, व्हिडिओतून किंवा जिममधून येत नाही, ती बर्फावर उभे राहूनच येते. म्हणून पैसा, सुट्टी, सामान, प्रवास यांचा प्रत्येक निर्णय घेताना मी एकच प्रश्न विचारतो: याने बर्फावरचा एखादा दिवस वाढतो का? वाढत असेल तर खर्च करा. नसेल तर थांबा.

परतवाडा, अचलपूर, अकोट, धारणी या पट्ट्यात राहणाऱ्या आणि अजून बर्फावर पाय न ठेवलेल्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून हे लिहिले आहे. हिशेब तीन हिवाळ्यांचा धरा. दोन हिवाळे भारतात शिकण्यात जातील, तिसऱ्या वर्षी मे महिन्यात ज्वालामुखी पर्वत. घरून विरोध होईलच. "इथं कापूस वेचाले मानूस भेटत नाही, अन् तू बर्फावर घसराले चालला!" हे वाक्य आमच्याकडे कुठल्याही घरात ऐकायला मिळेल, आणि त्यात तथ्य आहे. गुलमर्गचा हंगाम जानेवारी ते मार्च, म्हणजे नेमका कापूस वेचणीचा आणि तूर काढणीचा. घरच्यांशी आधी बसून बोला आणि फेब्रुवारीचे दोन आठवडे मोकळे करून घ्या. मे महिन्याचा प्रश्न येत नाही. तेव्हा वावर मोकळे असते आणि पेरणीला अवकाश असतो.

ज्वालामुखी पर्वत वेगळा का वागतो

एल्ब्रुस रशियात, कॉकेशस पर्वतरांगेत आहे. त्याला दोन शिखरे आहेत: पश्चिमेचे ५,६४२ मीटर आणि पूर्वेचे ५,६२१ मीटर. दोघांच्या मध्ये खिंड. हा सुप्त ज्वालामुखी आहे, शेवटचा उद्रेक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी झाला असे मानतात. इराणचा दमावंद ५,६०० मीटरच्या वर, अमेरिकेतले रेनियर ४,३९२ आणि शास्ता ४,३२२ मीटर. हे सगळे एकाच घराण्यातले डोंगर.

आपला सातपुडाही लाव्हाचाच. गाविलगडच्या पायथ्याला जो काळा दगड दिसतो तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर पडून थरावर थर पसरला. पातळ लाव्हा लांबवर वाहत गेला, म्हणून आपल्याकडे सपाट माथे आणि पायऱ्यापायऱ्यांचे कडे आहेत. एल्ब्रुसचा लाव्हा घट्ट होता. तो तोंडाभोवतीच साचत गेला आणि डोंगर उंच, गोलसर झाला.

स्की करणाऱ्याला या आकारातून तीन गोष्टी मिळतात. एक, उतार लांब आणि मोकळा असतो, झाडे नसतात, म्हणून स्कीसाठी तो फार सुंदर. दोन, खुणा नसतात. धुके उतरले की आकाश आणि जमीन एकाच रंगाची होते आणि आपण उभे आहोत की सरकतो आहोत हेसुद्धा कळत नाही. तीन, गोलसर डोंगरावर वाटा वरून खाली येताना एकमेकींपासून लांब जातात. वर दिशा ५ अंशांनी चुकली तर दर किलोमीटरला सुमारे ८७ मीटर बाजूला सरकता, चार किलोमीटर उतरेपर्यंत साडेतीनशे मीटर. एवढ्यात माणूस वाट सोडून हिमभेगांच्या पट्ट्यात पोहोचतो.

एकटा उभा डोंगर वारा थेट अंगावर घेतो. वाऱ्याने बर्फ घासून काचेसारखा टणक होतो किंवा त्यावर नांगरल्यासारख्या सऱ्या पडतात. त्या सऱ्यांवर स्की आणि विशेषतः स्नोबोर्ड (दोन्ही पायांखालची एकच फळी) अक्षरशः खडखडत जातो. शिवाय काही ज्वालामुखींच्या माथ्याजवळ अजून वाफा निघतात, दमावंदवर गंधकाचा धूर नाकाला झोंबतो. अशा वाफेच्या तोंडाजवळ बर्फ आतून पोकळ असतो आणि खोलगट जागेत विषारी वायू साचलेला असू शकतो. तिथे फोटोसाठीही जाऊ नका.

सगळ्यात आधी सिकलसेलची तपासणी

ही पायरी मुंबई-पुण्याच्या लेखांत सापडणार नाही, पण आपल्या भागात ती पहिली हवी. विदर्भात, विशेषतः मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या भागांत सिकलसेलचे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, प्रमाण मोठे आहे. आजार असलेल्याने एवढ्या उंचीवर जाऊ नये. पण वाहक असलेल्यालाही धोका आहे, आणि त्याला तो बहुधा ठाऊकच नसतो, कारण गावात त्याला कधी काही त्रास झालेला नसतो. उंचीवर ऑक्सिजन कमी झाला की वाहकाच्या रक्तातल्या पेशीही वाकू शकतात आणि प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. डाव्या बरगडीखाली जोराची कळ येते, ती पोटदुखी समजून माणूस वर चढत राहतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी चाचणी होते, ती संशयास्पद आली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिसची चाचणी करून घ्या. वाहक निघालात तर उंचीचा अनुभव असलेल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचे पैसे भरू नका.

गावात राहून काय कमावता येते

पाय, फुप्फुसे आणि तोल. बर्फावरची कला सोडून सगळे.

चिखलदऱ्याचा घाट आपल्याला सहाशे-सातशे मीटरची सलग चढण देतो, एवढी चढण हाताशी असणे विदर्भात चैनच आहे. आठवड्यातून दोनदा पाठीवर दहा-बारा किलो घेऊन चढा. बहुतेक जण वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या नेतात आणि माथ्यावर पाणी ओतून मोकळे उतरतात, गुडघे वाचावेत म्हणून. पहिले दोन महिने ते बरोबर आहे. नंतर मात्र वजन घेऊनच उतरा, पण सावकाश. स्की करताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि ती ताकद चढून येत नाही, उतरून येते. भिंतीला पाठ टेकून हवेत खुर्चीसारखे बसणे, एका पायावर सावकाश खाली बसून उठणे, हे रोज करा. उडी मारून आवाज न करता टेकणे हाही चांगला व्यायाम आहे.

पहाटे अंधारात मेळघाटच्या जंगलवाटेने एकट्याने जाऊ नका. अस्वल समोर आले तर तिथेच सगळे संपेल. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरायचेच नाही. डांबरी रस्ता धरा, सोबत घ्या, किंवा गावाजवळच्या मोकळ्या टेकडीवर फेऱ्या मारा. शंभर मीटरची टेकडी सहा वेळा चढली तरी पाय तेवढेच शिकतात.

तोलासाठी घरीच फळी करा. सागाची हातभर रुंद, दोन-अडीच हात लांब फळी आणि शेतातल्या पाइपलाइनचा चार इंची जाड पीव्हीसी तुकडा. पाइपवर फळी आडवी ठेवायची आणि वर उभे राहायचे. फळीच्या दोन्ही टोकांना खालून एकेक पट्टी ठोका, म्हणजे पाइप निसटत नाही. आधी खांबाला धरून, मग हात सोडून, मग गुडघे वाकवून. स्नोबोर्ड शिकणाऱ्याने आडवे उभे राहून नजर पुढच्या खांद्यावरून ठेवायची. दहा मिनिटे नीट टिकायला लागलात की बर्फावरचा पहिला दिवस सोपा जातो. शाळेच्या मैदानावर इनलाइन स्केटिंग करता आले तर फारच उत्तम, वळताना वजन बाहेरच्या पायावर टाकायची सवय तिथेच लागते.

पहिला हिवाळा: शिकवणी घ्या, सामान घेऊ नका

भारतात नीट शिकवणाऱ्या सरकारी संस्था आहेत. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था, मनालीला अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था, पहलगामची जवाहर संस्था. अभ्यासक्रम साधारण दोन आठवड्यांचे असतात, त्यात राहणे, जेवण आणि भाड्याचे सामान येते. अर्ज पावसाळा संपताच करा. उत्तराखंडात औलीतही शिकवतात, पण तिथे एखाद्या वर्षी बर्फ उशिरा पडतो, आणि २०२३च्या जानेवारीत औलीच्या पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचल्यापासून तिथली परिस्थिती निघण्याआधी विचारून घ्यावी लागते. माझे मत विचाराल तर गुलमर्गच. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून श्रीनगर, पुढे सुमारे पन्नास किलोमीटर रस्ता. बर्फ भरवशाचा आणि पुढच्या वर्षीचे शिक्षणही तिथेच होते.

स्की की स्नोबोर्ड? ज्याला ज्वालामुखी पर्वतावरच जायचे आहे त्याने स्की शिकावी, असे मी स्पष्ट सांगतो. टणक बर्फावर आडव्या वाटेने जाताना स्कीच्या दोन कडा आणि दोन काठ्या हाताशी असतात. स्नोबोर्डवाल्याला चढताना दुभंगणारा बोर्ड, म्हणजे स्प्लिटबोर्ड लागतो, आणि सपाट पट्टा आला की चालावे लागते. पण बोर्डवर आधीच हात बसला असेल तर सोडू नका, मऊ बर्फावर तो आनंद वेगळाच. फक्त एक ध्यानात ठेवा: स्नोबोर्डचे बूट मऊ असतात, त्यांना पट्ट्यांनी बांधायचे क्रॅम्पॉनच (बुटाखालचे धातूचे काटे) बसतात, मागे खटका असलेले बसत नाहीत.

या हिवाळ्यात वेग कमवायचा नाही. कडेने घसरत खाली येणे, दोन्ही बाजूंना सारखे वळणे, हवे तिथे थांबणे, पडल्यावर उताराला आडवे होऊन उठणे, एवढे पक्के झाले की पुष्कळ. अभ्यासक्रम संपल्यावर लगेच घरी पळू नका. खिशात पैसे उरले असतील तर आणखी चार दिवस तिथेच राहून सराव करा. गाडीभाडे तेवढेच, बर्फावरचे दिवस जास्त.

दुसरा हिवाळा: चढणारी स्की आणि हिमस्खलन

आता तयार उतार सोडून रानातला बर्फ. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात. केस मागे वळलेले असल्याने स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. टाच मोकळी, पंजा जखडलेला. नवखे लोक पाय उचलून चालतात आणि तासाभरात दमतात. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. वाट फार उभी काढू नका, नागमोडी काढा, वळणावर थांबून किक-टर्न घ्या, म्हणजे जागेवरच एकेक स्की उचलून उलट दिशेला फिरवा. ३५ अंशांच्या उतारावर किक-टर्न डोळे मिटून जमेपर्यंत सराव करा. वर वारा सुटलेला असताना पाय अडकला की घाबरून चूक होते.

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, दुसऱ्या टप्प्यात सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. मुख्य वाटीत, म्हणजे तिथल्या वाटीसारख्या खोलगट उतारावर, गस्तीपथक असते. तिच्या बाहेर पाऊल टाकले की डोंगर आणि तुम्ही. गोंडोला ज्यावर चढतो त्या अफरवट डोंगराच्या उतारांवर परदेशी, अनुभवी स्कीवालेही हिमस्खलनात गेले आहेत. म्हणून वाटीबाहेर जायच्या आधी हिमस्खलनाचा तीन दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम करा, आणि बाहेर जाल ते स्थानिक मार्गदर्शकासोबतच.

थोडक्यात मुद्दा असा. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे नेमक्या त्याच उतारावर जो आपल्याला स्कीसाठी आवडतो. आणि माणूस सापडतो ते हिमस्खलन बहुतेक वेळा त्याने स्वतःच किंवा त्याच्या सोबत्याने सुरू केलेले असते. ताजा जाड बर्फ, वाऱ्याने एका बाजूला साचवलेला बर्फ, अचानक आलेली ऊब, शेजारच्या उतारावर नुकतेच झालेले स्खलन, पायाखाली 'धप्प' असा खोल आवाज, स्कीपासून पुढे धावत गेलेली भेग. यातले शेवटचे दोन दिसले-ऐकले की चर्चा नको, आल्या पावली मागे फिरा. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. सकाळचा चहा घेताना ते वाचायची सवय लावा.

प्रत्येकाकडे तीन वस्तू: ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून पाहायची लांब घडीची काठी), फावडे. एकाकडे नसेल तर त्या दिवशी कोणीच जाऊ नये. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवतो. तो जॅकेटच्या आत अंगाला बांधतात, सॅकमध्ये ठेवत नाहीत. मोबाइल त्याच्यापासून किमान २० सेंटिमीटर लांब, शोध घेताना ५० सेंटिमीटर. गाडलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा जगतो, त्यानंतर शक्यता झपाट्याने घसरते. बाहेरून मदत तेवढ्या वेळात येत नाही. म्हणजे वाचवणारे तुमचे सोबतीच.

हा सराव वऱ्हाडातही होतो, आणि तो मन लावून करा. कापणी झालेल्या वावरात एकाने ट्रान्सीव्हर चालू करून कडब्याच्या गंजीत लपवायचा, दुसऱ्याने धुऱ्यावरून शोध सुरू करायचा. यंत्रावरचा अंतराचा आकडा कमी होत जाईल तशी चाल मंद करा आणि यंत्र जमिनीजवळ आणा. शेवटच्या दोन-तीन मीटरांत अधिकच्या चिन्हासारखे पुढे-मागे, डावी-उजवीकडे फिरवा. सगळ्यात लहान आकड्याच्या जागेपासून गोल फिरत प्रत्येक २५ सेंटिमीटरवर प्रोब पृष्ठभागाला काटकोनात घाला. प्रोब लागला की तो उपसायचा नाही, तसाच राहू द्यायचा. मग उताराच्या खालच्या बाजूने, खोलीच्या दीडपट मागे सरून खणायला घ्यायचे. डोक्यावरून खणले तर बर्फ पुन्हा त्याच्यावरच पडतो. पाच मिनिटांच्या आत सापडायला लागेपर्यंत करा.

सामान

विकत घेण्याचा क्रम असा: पहिले बूट, मग ट्रान्सीव्हर-प्रोब-फावडे, मग कपडे, स्की सगळ्यात शेवटी. बूट चुकला तर सगळेच चुकते, तो पायात घालून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

आपण कापूस पिकवणारी माणसे, अंगावर सुती घालायची सवय. बर्फावर सुती बनियनसुद्धा नको. घाम शोषून ते ओले राहते, वारा लागला की अंगातली ऊब ओढून नेते. आतून लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे, मग फ्लीस, वरून वारा अडवणारे जॅकेट, थांबल्यावर घालायला पिसांचा कोट. हातमोज्यांचे दोन जोड. हिमनदीसाठी हार्नेस, हेल्मेट, दोर, आइस अ‍ॅक्स, बुटाचे क्रॅम्पॉन आणि स्कीखाली बसणारे स्की-क्रॅम्पॉन. शेवटची वस्तू लोक विसरतात. पहाटेच्या टणक बर्फावर स्किन एकट्या टिकत नाहीत.

आपल्याला ४५ अंशांच्या उन्हाची सवय आहे म्हणून बर्फावरच्या उन्हाला हलके समजू नका. दर हजार मीटरला अतिनील किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ऊन खालूनही लागते: नाकपुड्यांच्या आत, हनुवटीखाली. कडेने बंद असलेला गडद चष्मा पहाटेपासून लावा. आंधळे झालेले डोळे रात्री वाळू भरल्यासारखे दुखतात आणि दुसरा दिवस जातो.

खाण्यात शेंगदाण्याची चिक्की नेऊ नका, उणे पंधरात ती दाताने तुटत नाही. तिळाचे मऊ लाडू, खजूर, गुळात वळलेला जवस-शेंगदाण्याचा कूट, लहान गोळ्या करून आतल्या खिशात ठेवा.

मे महिना: एल्ब्रुसची योजना

स्कीसाठी मे ते जूनचा पहिला आठवडा चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये वरचा बर्फ झिजून खालचा काचेसारखा कठीण निळा बर्फ उघडा पडतो. निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवास सूचना पाहा. भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा मिळतो. भारतातली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डे तिथे चालत नाहीत, म्हणून रोख डॉलर किंवा युरो न्या. विम्याची कागदे स्वतः वाचा: साध्या प्रवास विम्यात ठरावीक उंचीच्या वरचे आणि तयार उताराबाहेरचे स्कीइंग बहुधा वगळलेले असते. जॉर्जियाची सीमा जवळ असल्याने शेजारच्या चेगेट डोंगराच्या वरच्या काही भागांत वेगळा परवाना लागतो, तो मार्गदर्शक काढून देतो. मार्गदर्शक स्कीवर चालणारा हवा. पायी नेणारा मार्गदर्शक तुमच्यासोबत स्कीवर उतरू शकत नाही.

केबलकार अझाऊहून, म्हणजे सुमारे २,३५० मीटरवरून, गाराबाशीला ३,८४७ मीटरवर पाऊण तासाच्या आत पोहोचवते. शरीर त्या वेगाने पोहोचत नाही. ३,००० मीटरच्या वर रोजची झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य नियम इथे पाळणे कठीण, म्हणून त्याची भरपाई दिवसा करा. पहिले तीन-चार दिवस खाली पायथ्याच्या तेर्स्कोल किंवा अझाऊत झोपा, दिवसा चेगेटवर आणि केबलकारच्या क्रुगोझोर-मीर या मधल्या स्थानकांच्या भागात स्की करा. यात बर्फावरचे दिवसही वाढतात. मग वरच्या झोपड्यांत मुक्काम. एक दिवस ४,३०० पर्यंत जाऊन उतरा, दुसऱ्या दिवशी पास्तुखोव खडकांपर्यंत, म्हणजे ४,६५० च्या आसपास. एक दिवस आराम. शिखरासाठी एक दिवस, आणि हवामानासाठी किमान दोन दिवस राखीव. राखीव दिवस नसले की माणूस वाईट हवेत निघतो.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे ही पहिली खूण: वर जाऊ नका. आराम करतानाही दम लागणे, खोकल्यात फेस, चालताना झोकांड्या, असंबद्ध बोलणे: तत्काळ खाली, रात्र असली तरी. अ‍ॅसिटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा प्रतिबंधासाठी देतात, पण सल्फाची अ‍ॅलर्जी आणि इतर आजार पाहून डॉक्टरांनीच ठरवावे.

शिखराचा दिवस

आदल्या संध्याकाळी, डोके शाबूत असताना, एका कागदावर मराठीत चार ओळी लिहून खिशात ठेवा: किती वाजता परत फिरायचे, वारा किती झाला तर, दिसणे किती कमी झाले तर, कोणाला काय झाले तर. ५,५०० मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. तिथे नवे निर्णय घेऊ नयेत, लिहिलेले पाळावेत.

निघायची वेळ पहाटे दोन-तीन. नवतपात आपण ऊन तापायच्या आत वावरातले काम उरकतो, तोच हिशेब. दक्षिणेच्या उतारावर रात्री गोठलेला बर्फ सकाळी वरून हलका सैल होतो, तेव्हा तो दाणेदार असतो आणि स्की त्यावर लोण्यातून गेल्यासारखी जाते. तासा-दोन तासांत तो चिखलासारखा होतो, पाय घोट्यापर्यंत रुततो, बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागतात. ही ओल्या हिमस्खलनाची सूचना. लवकर गेलात तर काच, उशिरा गेलात तर चिखल. मधली वेळ साधायची.

पास्तुखोव खडकांपर्यंत स्किनवर जा. वर बहुधा टणक असते. स्की-क्रॅम्पॉन लागतील असे वाटायच्या आधीच, सपाट जागा पाहून ते लावा. ते पुरेनासे होण्याआधी स्की पाठीला बांधून बुटाचे क्रॅम्पॉन घाला. अर्ध्या उतारावर, वाऱ्यात, एका पायावर उभे राहून हा बदल करताना स्की हातातून सुटते आणि हजार मीटर खाली जाते. काढलेली स्की कायम दोरीने बांधलेली किंवा बर्फात उभी रोवलेली असावी. हातमोजा काढला तर तो जॅकेटच्या आत छातीशी खुपसा.

खडकांच्या वरून वाट पूर्व शिखराच्या खालून तिरकी डावीकडे खिंडीत जाते. खिंड सुमारे ५,३५० मीटरवर. तिथे बसून पाणी प्या, खा, आणि कागद काढून वाचा. ठरवलेली वेळ झाली असेल तर स्की लावा आणि खाली या. खिंडीतून पास्तुखोवपर्यंतची उतरणीच स्कीवाल्यासाठी खरा खजिना आहे, शिखर नसले तरी ती पूर्ण मिळते.

उतरणी

खिंडीतून खाली येताना उतार तुम्हाला सरळ खाली, उजव्या हाताला ओढतो. खरी वाट डावीकडे तिरकी आहे. जो ओढीला बळी पडतो तो हिमभेगांत जातो. एल्ब्रुसवर धुक्यात हरवलेल्यांची ही जुनी कहाणी आहे. चढतानाच जीपीएसवर वाट नोंदवा आणि उतरताना तीच धरा. मोबाइल अंगाजवळ उबेत ठेवा, थंडीत बॅटरी अचानक मान टाकते. वाटेवर बांबूच्या काड्या रोवलेल्या असतात. पुढची काडी दिसल्याशिवाय हातची काडी सोडू नका. काहीच दिसत नसेल तर थांबा, सगळे एकत्र या, बर्फ खणून आडोसा करा.

टणक पट्ट्यावर वळण्याचा अट्टहास नको. स्की आडवी धरून कडेवर घसरत या. कड लागतच नसेल, नुसता खरखर आवाज येत असेल, तर स्की काढा, क्रॅम्पॉन घाला आणि आइस अ‍ॅक्स हातात घेऊन चालत उतरा. यात लाज काहीच नाही. एकावेळी एकच जण उतरेल, बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवतील. चार-पाच वळणे घ्या, थांबा, श्वास जागेवर येऊ द्या. उंचीवर मांड्या अचानक सोडून देतात, आणि दमलेल्या मांडीवरचे पुढचे वळण हाच बहुतेक पडण्यांचा क्षण असतो. पास्तुखोवच्या खाली बर्फ सैल मिळाला तर मात्र मोकळे व्हा. तिथे लांब, गोल वळणे घेत दोन्ही बाजूंना कॉकेशसच्या रांगा पाहत येण्यासाठीच तीन हिवाळे खपलेले असतात.

अपघात झालाच तर रशियात आणि भारतात दोन्हीकडे ११२. मार्गदर्शकाकडून बचावपथकाचा थेट क्रमांक आधीच घेऊन ठेवा.

घरी आल्यावर

आपल्या हवेत सामान डोंगरापेक्षा जास्त खराब होते. टिनाच्या छपराखालच्या खोलीत मे-जूनमध्ये स्किनचा गोंद पाघळतो आणि पुढच्या वर्षी तो स्कीवरच राहतो. त्यांच्या जाळीदार पट्ट्या मध्ये घालून घडी करा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या खोलीत ठेवा. ज्या खोलीत कापूस भरता तिथे मुळीच नको, एकदा गोंदात कापसाचा तंतू अडकला की निघत नाही. स्कीच्या लोखंडी कडा पुसून त्यावर मेणाचा जाड थर द्या, नाहीतर पावसाळ्यात गंज चढतो. बुटांचे आतले अस्तर काढून सावलीत वाळवा आणि बकल सैल लावून ठेवा. ट्रान्सीव्हरमधले सेल काढून ठेवा. उन्हाळ्यात ते फुटून आतला क्षार बाहेर येतो. डिसेंबरमध्ये नवे अल्कलाइन सेल घाला आणि वावरात शोधाचा सराव करून मगच गाडीचे तिकीट काढा.